सुरतेस विसावलेला जेराल्ड आंजियर

शब्बाथ शाळेत मत्तयाचे शुभवर्तमान शिकवावयास घेतले की पहिली सतरा वचने पुष्कळ शिक्षक हळूच गाळतात. नावांचे उच्चार अडतात, मुले जांभया देतात, आणि तारा व मागी लोक यांच्यापर्यंत पोहोचण्याची सर्वांनाच घाई असते. त्या काळच्या यहूदी माणसाला मात्र ती यादी कंटाळवाणी वाटली नसती. बाबेलहून परत आलेल्या ज्या याजकांना आपली नावे वंशावळीत दाखविता आली नाहीत, त्यांना याजकपणातून वगळण्यात आले, हे एझ्राच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचतो. म्हणजे वंशावळ हा हक्काचा पुरावा होता. आपल्याकडेही देशमुखी-पाटीलकीचा तंटा गोतसभेपुढे उभा राहिला की दोन्ही पक्ष आपापली वंशावळ लिहून आणीत, आणि मग निवाड्याचा महजर होई. ज्याच्या नावाला वंशावळीत जागा नाही त्याला वतनात वाटा नाही, असा तो रोखठोक व्यवहार होता.

इंग्लंड-आयर्लंडच्या सरदार घराण्यांत हा व्यवहार याहून कडक असे. आपल्या वतनात वडीलकीचा मान थोरल्याचा असला तरी धाकट्यांनाही तक्षिमा मिळत, आणि त्यातूनच भाऊबंदकी माजे. तिकडे बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस व ड्यूक या पाचही पायऱ्यांवर किताब जाई तो थोरल्याकडे, व जमीनही बहुधा त्याच्याकडेच. धाकट्यांनी धर्मसेवा, वकिली, फौज किंवा व्यापार धरावा. म्हणून त्यांच्या वंशावळीच्या जाड ग्रंथांत थोरल्याच्या नावापुढे पाने भरतात, धाकट्याच्या वाट्याला एखादी ओळ येते, आणि मुलीचे नाव लग्नानंतर दुसऱ्याच घराण्याच्या पानावर शोधावे लागते.

असाच एक धाकटा मुलगा सुरतेच्या मातीत विसावला आहे. मुंबई शहराचा खरा संस्थापक म्हणून इतिहासकार ज्याचे नाव घेतात तो जेराल्ड आंजियर हाच. त्याचे चरित्र सांगताना त्याच्या घराण्याचाही माग आम्ही काढणार आहोत, कारण त्या घराण्यात ख्रिस्ती वाचकाने थांबून पाहावे असे काही आहे.

सुरतेच्या कातारगाम दरवाजाबाहेर इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. आत शिरताच नजरेत भरते ती ऑक्झेंडन बंधूंची समाधी. ती दुमजली असून वर घुमट, भोवती खांब व कोपऱ्यांवर मनोरे आहेत; दुरून पाहणाऱ्याला तो एखाद्या नबाबाचा मकबराच वाटावा. धाकट्या-थोरल्याची गोष्ट चालली आहे म्हणून सांगतो की, हे दोघे बंधूही घरचे थोरले नव्हते. ख्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ साली वारला. सर जॉर्ज ऑक्झेंडन सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष होऊन १४ जुलै १६६९ रोजी वारला. सर जॉर्जच्या लॅटिन लेखात तो केंट परगण्याच्या सर जेम्स ऑक्झेंडनचा तिसरा मुलगा, हे आवर्जून कोरलेले आहे. मायदेशी ज्याला थोरलेपण लाभले नाही त्याने परक्या भूमीत आपली वंशावळ दगडावर लिहविली! इंग्रजांची ही हौस पाहून डचही मागे राहिले नाहीत. मलबारच्या वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथ तयार करविणारा हेंड्रिक व्हान रीड १६९१ साली वारला, तेव्हा त्याच्यासाठी जवळच्याच डच दफनभूमीत तसाच टोलेजंग घुमट उभारला गेला.

ऑक्झेंडन घराण्याशी आपल्या मराठी वाचकांची ओळख आधीची आहे, फक्त ती वेगळ्या वाटेने झालेली आहे. १६७४ च्या जून महिन्यात रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या वेळी इंग्रजांचा वकील म्हणून गडावर उपस्थित असलेला हेन्री ऑक्झेंडन हा या सर जॉर्जचा पुतण्या. सुरतेच्या दुसऱ्या लुटीच्या वेळी, १६७० साली, इंग्रज वखार लढवून राखणारा स्ट्रेनशॅम मास्टर हा त्याचा भाचा, बहिणीचा मुलगा. कंपनीची वखार म्हणजे अशा काका-पुतण्यांचे, मामा-भाच्यांचे घरच होते म्हणा ना! रायगड पाहून गेलेल्या हेन्रीच्या वडिलांना १६७८ साली बॅरोनेट हा किताब मिळाला. तो आधी हेन्रीच्या थोरल्या भावाकडे गेला, तो निपुत्रिक वारल्यावर १७०८ साली हेन्रीकडे आला, आणि पुढल्याच वर्षी हेन्रीही वारला.

या भव्य समाधीच्या आवारातच ३० जून १६७७ रोजी सुरतेत वारलेल्या आंजियरला पुरले. त्याच्यासाठी घुमट उठला नाही, लॅटिन लेख कोरला गेला नाही. त्याचे थडगे नेमके कोणते, हेही कित्येक पिढ्या कोणी सांगू शकत नव्हते. सर जॉर्जच्या मागोमाग अध्यक्षपद भोगलेला, मुंबईचा गव्हर्नर असलेला, आठ वर्षे पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रजांचा मुखत्यार असलेला हा माणूस. त्याचे घराणे तरी कोणते?

माग काढावयाचा तर आयर्लंडात जावे लागते. जेराल्डचे आजोबा फ्रान्सिस आंजियर हे मूळचे इंग्लंडचे, केंब्रिजला शिकलेले कायदेपंडित. १६०९ साली ते आयर्लंडात वरिष्ठ न्यायाधिकारी नेमले गेले आणि १६२१ मध्ये त्यांना लाँगफर्डचे बॅरन आंजियर हा किताब मिळाला. त्यांच्या पहिल्या पत्नीचे नाव डग्लस फिट्झजेराल्ड. (डग्लस हे त्या काळी बाईचेही नाव असे.) ती किल्डेअरच्या अर्ल घराण्यातली, जेराल्ड हे नाव तिच्या माहेराकडून आंजियरांच्या घरात आले असे दिसते. या पहिल्या बॅरनच्या थोरल्या मुलाचे नाव जेराल्ड. किताब त्याला मिळाला. धाकटा मुलगा अँब्रोज धर्मसेवेत शिरला व डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा चान्सेलर झाला. आपला जेराल्ड या पाळक अँब्रोजचा मुलगा. त्याचा जन्म १६४० च्या सुमाराचा. म्हणजे धाकट्याच्या पोटचा आणि तोही स्वतः थोरला नव्हे. थोरला भाऊ फ्रान्सिस. चुलते दुसरे बॅरन १६५५ साली निपुत्रिक वारले, तेव्हा किताब पुतण्याकडे, म्हणजे या फ्रान्सिसकडे आला. जेराल्डने बोट धरले ते ईस्ट इंडिया कंपनीचे.

आता आईकडची बाजू. जेराल्डची आई ग्रिझेल्डा ही डब्लिनचे आर्चबिशप लॅन्सेलॉट बल्क्ली यांची कन्या. आईकडून आर्चबिशपांचा नातू आणि वडिलांकडून पाळकाचा मुलगा, असे त्याचे दुहेरी ख्रिस्ती कुळ होते. हे वाचून आपल्यापैकी कोणी म्हणेल की, मग तो सहिष्णू निघाला यात नवल काय! परंतु त्या आजोबांची एक हकीकत ऐका. २६ डिसेंबर १६२९ रोजी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, डब्लिनच्या कुक स्ट्रीटवरील फ्रान्सिस्कन बंधूंच्या प्रार्थनामंदिरात रोमन कॅथलिक लोक उपासनेस जमले होते. आर्चबिशप बल्क्ली शहराचा मेयर व शिपाई घेऊन आत शिरले. मूर्ती फोडल्या, व्यासपीठ मोडले, धर्मगुरूंना धरले. बाहेर जमाव खवळला, दगडांचा वर्षाव झाला, आणि आर्चबिशपांना जीव वाचविण्यासाठी एका घरात आश्रय घ्यावा लागला. हे प्रॉटेस्टंट मंडळीचे आर्चबिशप, आमच्याच घरचे म्हणावे असे. म्हणून ही हकीकत झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

पुढे काळ उलटला. १६४१ साली आयर्लंडात बंड उसळले व दोन्ही बाजूंनी धर्माच्या नावावर माणसे कापली गेली. नंतर इंग्लंडात प्युरिटन पक्षाचे राज्य आले, आणि ज्या प्रार्थनापुस्तकाच्या अभिमानाने बल्क्ली दुसऱ्यांच्या मंदिरात शिपाई घेऊन शिरले होते, त्याच पुस्तकाने उपासना करावयास डब्लिनमध्ये मनाई झाली. १६५० साली वृद्ध आर्चबिशप निवर्तले, तेव्हा त्यांच्या मंडळीचे सारे वैभव मोडलेले होते. नातू जेराल्ड त्या वेळी दहा वर्षांच्या आसपासचा होता. उपासनेवर शिपाई घालणे म्हणजे काय, हे त्या घरात आधी करून आणि मग सोसून झाले होते.

जेराल्ड सुरतेस आला तो तिशीच्या आत. त्या काळची सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर. मक्केचे यात्रेकरू येथूनच जहाजात बसत. नीळ, सुती कापड, मिरी यांचा घाऊक व्यापार येथे चाले. कंपनीच्या वखारीत कारकून, फॅक्टर, व्यापारी अशा पायऱ्या असत. सारे एकाच मोठ्या वाड्यात राहत, एकाच मेजावर जेवत, आणि सकाळ-संध्याकाळ वखारीचा पाळक प्रार्थना चालवी. ऑक्झेंडनच्या कारकिर्दीत आंजियर वर चढला. १६६८ साली राजा दुसरा चार्ल्स याने पोर्तुगिजांकडून लग्नात आंदण मिळालेले मुंबई बेट वर्षाला १० पौंड खंडाने कंपनीच्या पदरात टाकले. राजाला ते बेट पोसवत नव्हते. पुढल्या वर्षी ऑक्झेंडन वारला, आणि अध्यक्षपद व मुंबईचे गव्हर्नरपद ही दोन्ही ओझी तिशीतल्याच आंजियरच्या खांद्यावर आली.

मुंबई तेव्हा शहर नव्हतेच. ताडामाडांची झाडी, भरतीला बुडणारी खाजणे, एक मोडका किल्ला, आणि कोळी, भंडारी, कुणबी, प्रभू व पोर्तुगिजांच्या अमदानीत ख्रिस्ती झालेले लोक यांची विखुरलेली वस्ती. हवा अशी रोगट की नवे आलेले गोरे पटापट मरत. सुरतेची गादी सोडून अशा ठिकाणी राहावयास कोणी अध्यक्ष तयार झाला नसता. आंजियर १६७० मध्ये येऊन गेला व त्याने शिपाई, न्याय व सुव्यवस्था यांचे नियम घातले. नंतर १६७२ साली आला तो तीन वर्षे येथेच ठाण मांडून बसला.

पहिला गुंता जमिनीचा होता. आधीच्या इंग्रज अंमलदारांनी पुष्कळ जमिनी बळजबरीने घेतल्या होत्या, मूळ मालक संतापलेले होते, आणि कोणाचे काय हे कोणास ठाऊक नव्हते. आंजियरने सर्व जमीनदारांना एकत्र बोलावून तडजोड केली. मालकांनी दरसाल एकूण वीस हजार झेराफिन कंपनीस द्यावेत, कंपनीने त्यांच्या मालकीत हात घालू नये. झेराफिन हे पोर्तुगिजांचे नाणे. १६७२ च्या नोव्हेंबरात ठरलेला हा करार आंजियरचा करार म्हणून पुढे शंभराहून अधिक वर्षे मुंबईच्या जमीनमहसुलाचा पाया ठरला. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात इंग्रजी कायद्याचे न्यायालय सुरू झाले. निरनिराळ्या जातिजमातींचे आपसांतील तंटे मात्र त्यांच्या त्यांच्या पंचांनी मिटवावेत, अशी व्यवस्था त्याने केली. टांकसाळही त्याच्याच वेळी चालू झाली.

१६७३ च्या फेब्रुवारीत डचांचे आरमार मुंबईपुढे येऊन उभे राहिले. किल्ल्याचे काम अपुरे, फौज तुटपुंजी. आंजियरने शिपायांबरोबर बेटावरील भंडारी व इतर लोकांची तुकडी उभी केली आणि तो स्वतः तटावर फिरत राहिला. ही तयारी पाहून डच आरमार निघून गेले. त्याच्या शांतपणाची वाखाणणी त्याच्या हाताखालच्यांनीही केली आहे.

या सर्वांपेक्षा आम्हांस महत्त्वाचे वाटते ते त्याचे धर्माविषयीचे धोरण. १६६१ च्या तहाप्रमाणे बेटावरील रोमन कॅथलिकांना उपासनेची मोकळीक होतीच. आंजियरने ती सर्वांना दिली. पारशी लोकांची पहिली दोखमा मलबार हिलवर उभी राहिली ती त्याच सुमारास. दीव बंदरचा निमा पारख नावाचा मोठा बनिया मुंबईत येऊ इच्छीत होता. पोर्तुगिजांच्या मुलखात धर्माचा जाच होई, म्हणून त्याला आधी लेखी हमी हवी होती. १६७७ साली ती मिळाली. त्याच्या लोकांना आपला धर्म निर्वेधपणे पाळता यावा, मृतांचे दहन त्यांच्या रीतीप्रमाणे करता यावे, त्यांच्या आवारात कोणी जीवहत्या करू नये, आणि कोणावरही ख्रिस्ती होण्याची सक्ती होऊ नये, अशी कलमे तीत होती. कुक स्ट्रीटवर शिपाई घेऊन शिरलेल्या आर्चबिशपांचा नातू हा कागद मान्य करीत होता!

यात व्यापाऱ्याचा हिशोब नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. बनियांचे भांडवल हवे होते, विणकर हवे होते, पारशी दलाल हवे होते. धर्माचा जाच केला असता तर त्यांपैकी कोणी आले नसते. कंपनी काही परोपकारासाठी आलेली नव्हती, आणि तिने पुढे या देशाचे काय केले हे आपण सारे जाणतो. परंतु शेजारी गोव्यात इन्क्विझिशन चालू होते, उत्तरेस औरंगजेब बादशाहाने १६६९ मध्ये देवळे पाडण्याचे फर्मान काढले होते, आणि खुद्द इंग्लंडात प्रार्थनापुस्तकाबाहेर उपासना करणाऱ्यांना तुरुंग दाखविला जात होता. नफ्यासाठी असो वा नसो, असा कागद त्या वर्षी इतरत्र फारसा कोणी लिहून देत नव्हता.

स्वतःच्या धर्माविषयी तो उदासीन होता असेही नाही. मुंबईत इंग्रजांची उपासना किल्ल्यातील एका दालनात चाले. ती सर्वांच्या नजरेस पडेल अशा स्वतंत्र मंदिरात व्हावी, हा ध्यास त्याचाच. त्याने वर्गणी सुरू केली व १६७६ च्या सुमारास मंदिराचा पाया घातला गेला. तो वारल्यावर काम थांबले, जमलेला पैसा भलतीकडे वळला, आणि पंधराएक फूट उंचीच्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षे पावसात उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब नावाच्या पाळकाने पुन्हा वर्गणी जमविली आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी तेथे पहिली उपासना झाली. तेच मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल. किल्ल्याचा जो दरवाजा या मंदिराच्या बाजूस होता त्याचे नाव चर्चगेट पडले. आज लोकलने चर्चगेटला उतरणाऱ्या लाखोंपैकी कोणाच्या मनात हे येत असेल असे वाटत नाही. आंजियरने १६७५ साली प्रभुभोजनासाठी दिलेला चांदीचा प्याला कॅथीड्रलने जपून ठेवला आहे. त्याच्या हातची म्हणून दाखविता येईल अशी वस्तू ती एवढीच.

शिवाजी महाराजांशी त्याचा संबंध मोठा नाजूक होता. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरविला, आपले निशाण लावून तोफाही डागल्या. त्याचे प्रायश्चित्त म्हणून महाराजांनी पुढल्या वर्षी राजापूरची वखार लुटली व इंग्रजांना कैदेत टाकले. त्या लुटीची भरपाई कंपनी वर्षानुवर्षे मागत होती. १६७० च्या सुरतेच्या लुटीच्या वेळी आंजियर सुवाळीच्या बंदरावर होता. त्याने बहुतेक माल आधीच तिकडे हलविला होता, म्हणून कंपनीचे नुकसान थोडक्यात निभावले. मुंबईला धान्य, लाकूड, सरपण हे सारे महाराजांच्या मुलखातून येई. दुसरीकडे मोगलांचा सिद्दी आपले आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात ठेवावयास मागे. एकाला खूश करावे तर दुसरा रुष्ट. आंजियरने कोणाचीच बाजू न घेता वर्षे काढली, आणि १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडनला रायगडावर पाठवून तहाची कलमे ठरवून घेतली. राज्याभिषेकाचे जे वर्णन इंग्रजी कागदांत सापडते ते या वकिलातीमुळे. आंजियरने ही पेरणी केली नसती तर त्या सोहळ्याच्या एका प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला आपण मुकलो असतो.

१६७५ साली तो सुरतेस परतला. प्रकृती पोखरली गेली होती. विलायतेतील संचालक मुंबईवरील खर्चाबद्दल कुरकुर करीत, किल्ल्याचे काम तोडा म्हणत. मायदेशी परतण्याची परवानगी तो मागत होता; परतणे काही घडले नाही. मुंबईची लोकसंख्या त्याच्या काळात दहा हजारांवरून साठ हजारांवर गेली असे सांगतात. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर त्या दिवसांत मुंबईत होता, त्याने हा साठ हजारांचा आकडा दिला आहे. आम्हांस तो फुगीर वाटतो, पण तो निम्मा धरला तरी लहानसहान नव्हे. आंजियर वारला तेव्हा चाळिशीच्या आत होता. मुंबईला त्याने घातलेले वळण असे की १६८७ साली कंपनीने आपली गादीच सुरतेहून तिकडे हलविली.

आता पुन्हा त्या वंशावळीकडे वळू.

जेराल्ड मुंबई वसवीत होता त्याच वर्षांत थोरला भाऊ फ्रान्सिस डब्लिनमध्ये नवी पेठ वसवीत होता. आठव्या हेन्रीच्या काळी कार्मेलाइट बंधूंचा मठ जप्त झाला होता, ती जमीन आंजियरांकडे आलेली. तीवर फ्रान्सिसने रुंद रस्ते पाडले. त्यातला आंजियर स्ट्रीट आजही त्याच नावाने आहे. मजा अशी की कार्मेलाइट बंधू एकोणिसाव्या शतकात परत आले आणि १८२७ पासून त्याच जागी त्यांचे मंदिर उभे आहे. फ्रान्सिस १६७५ मध्ये व्हायकाउंट झाला आणि १६७७ च्या डिसेंबरात अर्ल ऑफ लाँगफर्ड. सुरतेत धाकटा भाऊ मातीआड होऊन तेव्हा सहा महिने होत आले होते. फ्रान्सिस १७०० साली निपुत्रिक वारला. किताब दुसरा भाऊ अँब्रोज याच्याकडे गेला. तोही १७०५ च्या जानेवारीत मुलगा न ठेवता वारला, आणि आंजियरांचे सर्व किताब संपुष्टात आले.

या संपुष्टात येण्यावरूनच वंशावळ शोधणाऱ्यांना आणखी एक गोष्ट कळते. जेराल्डला औरस मुलगा असता, किंवा त्या मुलाला मुलगा असता, तर निदान आजोबांचा बॅरनचा किताब त्याच्याकडे चालून गेला असता. तसा दावा सांगावयास कोणी उभा राहिला नाही. आपल्याकडे वतन बिनवारस झाले की असाच निष्कर्ष काढीत.

अशा शोधाचे खरे साधन म्हणजे मंडळीच्या नोंदवह्या. इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम झाला. सरदारांची नावे तर त्यांच्या भाटांच्या दप्तरातही असतात, पण सुताराचे व मोलकरणीचे नाव या वह्यांतच सापडते. आमच्या मराठी मंडळ्यांतही तेच आहे. ज्यांचे पूर्वज नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नोंदलेले होते, त्यांची तिथली ओळ बाप्तिस्म्यापाशी तुटली. आणि ज्यांना त्या वह्यांत कधी जागाच नव्हती, त्यांच्या आजोबा-पणजोबांचे नाव कागदावर पहिल्यांदा उमटले ते बहुधा एखाद्या मिशनरी पाळकाच्या बाप्तिस्मा-रजिस्टरात. अशी रजिस्टरे काही ठिकाणी वेस्ट्रीच्या कपाटात वाळवीच्या तोंडी पडलेली आहेत. पाळक-पंचांनी एक सायंकाळ काढून ती उघडून पाहावीत, ही आमची विनंती.

किताब बुडाला तरी आंजियरांचे रक्त बुडाले नाही. मत्तयाने आपल्या यादीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना जागा दिली आहे. इंग्रजी ग्रंथकारांच्या यादीत ती शोधून काढावी लागते. जेराल्डची बहीण ॲलिस, तिचे लग्न कफ घराण्यात झाले होते. भावांची मालमत्ता अखेर तिच्या वंशजांकडे गेली. त्या वंशातील एलिझाबेथ कफ हिने थॉमस पाकेनहॅम नावाच्या गृहस्थाशी लग्न केले. त्याला १७५६ मध्ये बॅरन लाँगफर्ड हा किताब मिळाला, आणि १७८५ मध्ये एलिझाबेथला स्वतःच्या नावाने काउंटेस ऑफ लाँगफर्ड करण्यात आले. म्हणजे भावांबरोबर गेलेले नाव बहिणीच्या लेकीबाळींनी परत आणले. या काउंटेसची नात कॅथरिन पाकेनहॅम. एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने तिला मागणी घातली, तेव्हा हा कफल्लक धाकटा मुलगा आम्हांला नको म्हणून तिच्या घरच्यांनी त्याला परत पाठविले. तो हिंदुस्थानात आला, वर चढला, आणि विलायतेस परतल्यावर १८०६ साली त्यांचे लग्न झाले. त्याचे नाव आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्या जालना भागातील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा तो हाच.